मागाच्या खड्ड्यावरची फरशी

मधल्या खोलीच्या चौकटीला मी अंगठा टेकवला आणि तो आत गेला. वरून ऑइलपेंट चकचकीत, आत नुसती माती आणि भुसा. त्या चौकटीला दर दिवाळीला मीच रंग लावत आले होते, म्हणजे इतकी वर्षं मी वाळवीचं घर रंगवत होते. मला आधी राग आला. मला प्रत्येक गोष्टीचा आधी रागच येतो, रडू मागाहून येतं.

आमचं घर नागपुरातल्या विणकरांच्या जुन्या गल्लीत. आता इथे एकही हातमाग वाजत नाही. कोणी ऑटो चालवतं, कोणी कळमेश्वरच्या कारखान्यात जातं, मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात काउंटरवर बसून पेशंटना नंबर देते. गल्लीत सगळ्यात शेवटी थांबला तो आमच्या बाबांचा माग. तो मधल्या खोलीतच होता, जमिनीत खड्डा करून बसवलेला, त्या खड्ड्यात पाय सोडून बाबा आयुष्यभर विणत बसले. आता ते अंथरुणाला खिळले आहेत. खड्डा केव्हाच बुजवलेला, वर फरशी, आणि बरोबर त्या जागेवर त्यांची खाट. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बाबांचा एकच हट्ट होता.

"माही खाट इथून हलवू नको. मी ह्याच खोलीतून जाईन."

ते आहेत तोवर ही खोली उभी राहिली पाहिजे, एवढंच मला हवं होतं. फार मोठी मागणी नव्हती. पण वाळवीला कोणी सांगावं?

जे जे कोणी सांगितलं ते मी केलं. मीठ भरलं, हिंगाचं पाणी ओतलं, डांबर फासलं. चौकटीवरची मातीची रेघ सकाळी खरवडून कामावर जावं, तर संध्याकाळी ती पुन्हा तिथेच, ओली. शेजारीण म्हणाली, कूलरचं पाणी भिंतीत मुरतं म्हणून होतं. असेल. पण मे महिन्यात कूलर बंद करा असं नागपुरात कोणी कोणाला सांगत नाही, आणि आजारी माणसाच्या घरात तर नाहीच. पुढे पावसाळा लागला, भिंती घामेजल्या, आणि बाबांच्या उशाशी असलेलं कपाट मागच्या बाजूने पोकळ निघालं. त्यात आईची लुगडी होती. बाबांनी विणलेली. मी ती उचलली तेव्हा घडीच्या घडी हातात चाळणीसारखी उघडली. ती मी बाबांना दाखवली नाही.

मग वाळवीचं औषध मारणारा माणूस आणला. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, बोलण्यात गॅरंटीच गॅरंटी. त्याने भिंती ठोकल्या, फरशी ठोकली, खाटेजवळ थांबला.

"ताई, इथं खाली लाकूडफाटा पुरला आहे काय?"

"काहीतरीच काय," मी म्हटलं. "खड्ड्यात मलबा भरला आहे."

"आहे," बाबा खाटेवरून म्हणाले. "माग आहे खाली."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माग बंद झाला तेव्हा मी शाळेत होते. संध्याकाळी घरी आले तर खड्डा भरलेला होता आणि माग नव्हता. विकला असेल असं मी धरून चालले, विचारायचं धाडस झालं नाही. दर दसऱ्याला बाबा त्या फरशीला हळदकुंकू लावायचे, आपट्याची पानं ठेवायचे. मला वाटायचं, जागेची आठवण म्हणून करतात.

"काहून पुरला, बाबा?"

"भंगारवाला जाळाले मागून राहिला होता. ज्याच्यावर जेवलो त्याले चुलीत घालू काय? सारा खोलला, न् एकेक लाकूड खाली निजवलं. वरून उरलेलं सूत टाकलं."

"काका," औषधवाला हसत म्हणाला, "मंग तं तुम्ही वाळवीले इतकी वर्षं जेवाले घालून राहिले."

त्या माणसाला दोन शब्द सुनावावेत असं फार वाटलं. पण तो खोटं बोलत नव्हता. बाबांनी मायेने लाकूड आणि सूत जमिनीत ठेवलं, आणि तेच खाऊन वाळवी आमच्या चौकटीपर्यंत चढली.

खणायला दोन मजूर आले. बाबांची खाट समोरच्या खोलीत, दारासमोर ठेवली. औषधाचा वास गेला की परत आणू, असं मी त्यांना कबूल केलं होतं. फरशी निघाली, रेती निघाली, आणि त्याखाली माग नव्हता. लाकडाच्या आकाराची माती होती. फावडं लागलं की ती ढासळायची आणि पांढरट किडे सैरावैरा पळायचे. बाबा मान उचलून विचारत होते, पावड्या निघाल्या काय, ज्या ते पायांनी दाबायचे त्या. फणी निघाली काय, जिच्या दातांतून उभे धागे जायचे ती. मी म्हणत होते, अजून नाही बाबा, अजून नाही.

शेवटी मजुराने दोन गंजलेली लोखंडी टोकं माझ्या हातावर ठेवली. धोट्याची. धोटा उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे पळतो, त्याच्या दोन्ही तोंडांना असं टोक असतं. मधलं लाकूड वाळवीने खाल्लं, लोखंड तिला चाललं नाही. मी ती टोकं बाबांना दिली. त्यांनी ती साफ केली नाहीत. पांघरुणावर एक इकडे ठेवलं, एक तिकडे, मधे बरोबर धोट्याएवढी जागा सोडून. मग त्या रिकाम्या जागेवर हात ठेवून पडून राहिले. मला तेव्हा रडू आलं, आणि या खेपेला राग आधी आला नाही.

खड्ड्यात औषध ओतलं, मुरूम भरला, नवी फरशी बसवली. वास गेल्यावर मी म्हटलं, "चला बाबा, खाट मधे नेऊ."

"राहू दे इथंच."

"तुम्हीच तं म्हणत होते."

"म्हणत होतो," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

ज्या खोलीसाठी मी एवढं जिवाचं रान केलं ती आता रिकामी आहे. तिथे मी कपडे वाळत घालते. दसऱ्याला मात्र सवयीने ताट केलं, हळदकुंकू, आपट्याची पानं, आणि बाबांसमोर धरलं, त्यांनी नुसता हात लावावा म्हणून. त्यांनी ताटाकडे पाहिलं.

"कोणासाठी वं? खाली कोणी नाही आता."

मी ताट परत नेलं. स्वयंपाकघराच्या चौकटीवर मातीची नवी रेघ चढत होती. त्या दिवशी मी ती खरवडली नाही.