दुखण्याचे शब्द

लातूरला आमच्या शेजारच्या खोलीत देवणी गावची एक नर्स भाड्यानं राहते. तिला परदेशातल्या दवाखान्यात नोकरी हवी होती. गेल्या वर्षीच्या मुलाखतीत ‘पेन’ आणि ‘लॉट ऑफ पेन’ यापुढं तिला इंग्रजी सुचलंच नाही.

तेव्हापासून जिन्यात कुणी कण्हलं तरी ती थांबायची. “काकू, गुडघा ठणकायलाय का नुसता सलतोय?” ठणकतो म्हटलं की ‘थ्रॉबिंग, थ्रॉबिंग’ असं पुटपुटत खाली उतरायची. चमक निघाली म्हटलं की ‘शूटिंग’. माझं दुखणं राहिलं बाजूला, असं वाटून कधी कधी मला रागच यायचा.

परवा ऐन मुलाखतीच्या वेळी तिच्याकडचं नेट गेलं. लॅपटॉप घेऊन ती आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसली. मी गॅस बंद करून स्वयंपाकघरात उभी राहिले. स्क्रीनवरच्या मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, “पेशंट नुसतं दुखतंय म्हणाला, तर काय करशील?”

 

ती सावकाश बोलू लागली. ठणकतंय का, जळजळतंय का, हात लावला तरच दुखतंय का, असं एकेक विचारीन म्हणाली. प्रत्येकाला तिच्याकडं नेमका इंग्रजी शब्द होता. कुठंही अडली नाही.

निवड झाल्याचं बाईंनी तिथंच सांगितलं. लॅपटॉप मिटून ती आत आली आणि फरशीवरच बसली.

“काकू, झालं बघा. आता जरा कायबी बोलू नका.”

मीही तिच्याशेजारी टेकले. बराच वेळ आम्ही दोघी नुसत्या हसत होतो.