एक खूण पोटात

माइकताईचा आवाज मी अकरा वर्षं ऐकते आहे. देवस्थानाच्या मोठ्या दाराशी तिची हरवले-सापडलेची खोली, आणि भिंतीला लागून माझी सामान ठेवायची खिडकी. "पाकीट पुढच्या खिशात ठेवा, रांग चुकवून आत नेतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका," हे ती दिवसातून शंभरदा बजावायची. तिचा नवरा म्हणायचा, "आमच्याकडे जेवायला बसा हेसुद्धा तीनदा जाहीर होतं."

तिचा एक नियम होता. सापडलेल्या माणसाचं वय आणि कपडे, एवढंच माइकवर सांगायचं. एक खूण पोटात ठेवायची आणि न्यायला येईल त्याला ती विचारायची. एकदा एका बापाला पोरीच्या गुडघ्यावरचा व्रण सांगता येईना, तर या पठ्ठीने बायको येईपर्यंत त्याला तासभर ताटकळत ठेवलं. त्याने शिव्यांची लाखोली वाहिली. हिने थर्मासमधलं गरम पाणी पीत पीत ती ऐकून घेतली.

त्या दिवशी गर्दी मी म्हणत होती. दुपारी पहारेकऱ्याने एका आजींना आणून बाकावर बसवलं. अंगावर निळी शाल, कानांत सोन्याच्या जड रिंगा. स्वतःचं नाव आठवेना, पत्ता आठवेना. "बब्या कुठाय?" एवढंच घोकत होत्या. बब्या म्हणजे मुलगा. हीच खूण, असं ठरवून माइकताईने ते नाव पोटात ठेवलं आणि तीन तास निळ्या शालीचा पुकारा केला. कुणी फिरकलं नाही.

मग आजींनी बसल्या जागी कपडे ओले केले. शेजारची माणसं नाक दाबून सरकली, दोघं तर हसली. मेल्यांना लाजही वाटली नाही. आजींना बाकी काही कळत नव्हतं, पण तेवढं कळलं. शालीत तोंड लपवून त्या हुंदके द्यायला लागल्या, आणि माइकताईला राहवलं नाही. तिने माइक ओढला. "बब्या, तुझी आई रडते आहे रे. असशील तिथून ये."

"अगं, ते नाव!" मी खिडकीतून ओरडले. तिने हातानेच मला गप्प केलं.

दहा मिनिटांत चाळिशीचा एक माणूस धापा टाकत आला. "आई, मी बब्या! कुठे कुठे शोधलं तुला!" त्याने आजींना मिठीच मारली. आजींचा चेहरा असा खुलला की माझेही डोळे भरून आले. ओळखपत्र मागितलं तर म्हणाला, "ताई, पाकीट मारलं हो गर्दीत. तुम्ही सांगत होता तरी मारलं." माइकताई हळहळली. त्याची सही घेतली, वर आजींना पायरी उतरायला हात दिला.

अर्ध्या तासाने खरा मुलगा आला. केस पिकलेले, घामाने निथळत होता. तो इतका वेळ मागच्या दाराला शोधत होता, तिकडे भोंगाच नाही. त्याने मोबाइलवर आईचा फोटो दाखवला. निळी शाल, जड रिंगा. माइकताईने सहीची वही त्याच्यापुढे सरकवली. मी खिडकी बंद करून पोलिसांकडे धावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी सापडल्या, गाड्यांच्या तळामागे. जिवंत होत्या. दोन्ही कानांच्या पाळ्या फाटलेल्या, गालावर बोटांचे वळ. कान बांधून पोलिसांनी त्यांना आमच्याच खोलीत आणलं. मुलगा रात्रभर तिथेच बसून होता. "आई!" म्हणत तो पुढे झाला.

आजींनी दोन्ही हात कानांवर धरले. "बब्या, दिल्या ना रे रिंगा तुला? आता नको मारूस."

"मी नव्हतो गं आई, मी नव्हतो," तो हात जोडून सांगत राहिला. त्यांना ते पटेना. त्या उठून माइकताईच्या पाठीमागे लपल्या. "याच्याबरोबर मला पाठवू नकोस हं बाई," म्हणाल्या. मुलगा पाऊलभर पुढे आला की त्या तिचा हात आणखी घट्ट धरायच्या.