शेजाऱ्याला कोर्टाची वाट मीच दाखवली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण हा किस्सा माझ्या वकिलालाही अजून सरळ तोंडानं सांगता येत नाही.

आमचं घर फुलचूरला. वैशाखात पोराचं लग्न ठरलं, म्हणून वर एक खोली चढवली आणि बाहेरून जिना काढायला घेतला. नवी सून त्या खोलीत राहायची होती. पण शेजारचे बिसेनभाऊ रोज सकाळी दात घासत यायचे आणि जिन्याकडे बघत उभे राहायचे. बोलायचे काहीच नाहीत. न बोलणारा शेजारी किती घातक असतो, हे का तुम्हाला सांगायला हवं?

त्यात कोर्टासमोरच्या टपरीवर एका मित्रानं चहाबरोबर ज्ञान पाजलं. घाईचं प्रकरण असलं की समोरच्याला खबरही न देता कोर्ट स्टे देऊन टाकतं म्हणे.

“तू इकडं सिमेंट कालवून राहशील, अन् तिकडून बेलीफ कागद घेऊन येईल. समझ ले, तेरा जिना गया.”

चहा तसाच ठेवून उठलो. जिना अर्धा, लग्न तोंडावर!

धावत वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, कॅव्हेट टाकू. म्हणजे कोर्टाला आधीच सांगून ठेवायचं, की अमुक माणूस माझ्याविरुद्ध आला तर मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका. मी इतका खूश झालो, की पुढचं ऐकलंच नाही. पुढचं काय होतं? त्याची प्रत त्या अमुक माणसालाही रजिस्टर पोस्टानं पाठवावी लागते. कायदाच तसा आहे! त्याआधी जागा मोजली आहे ना, असंही त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, साहेब, आपली नजर म्हणजे टेप आहे.

पोस्टमन त्यांच्याकडे येऊन गेला आणि बिसेनभाऊ चष्मा लावून, कागद हातात धरून आमच्या अंगणात उभे. राग नाही, नुसता अचंबा.

“भाऊ, मी तं तुमचा जिना पाहून राहिलो होतो, का मलेबी असाच काढाचा आहे. यात लिवलं आहे, का मी हद्दीसाठी तुमच्यावर कोर्टात जाईन. कायले जाईन? हद्दीत काही गडबड आहे का?”

“नाही हो, कायद्याची सावधगिरी असते आपली.”

“सावधगिरी कायची?”

चहा घ्या म्हटलं. घेतला नाही. सरळ जाऊन मोजणीचा अर्ज टाकला.

मोजणीवाले आले. माझ्या जिन्याच्या खालच्या पायऱ्या बिसेनभाऊंच्या जागेत पाय पसरून बसलेल्या निघाल्या. मग मात्र ते खरोखर कोर्टात गेले. रस्ता मीच कळवला होता ना, रजिस्टर पोस्टानं!

आणि कॅव्हेटनं आपलं काम चोख केलं बरं का. एकतर्फी काही झालं नाही. मला रीतसर बोलावणं आलं, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. जजसाहेबांनी मोजणीचा नकाशा पाहिला आणि विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. स्टे लागला.

लग्न झालं. पोरगा-सून आमच्या खोलीत, आम्ही दोघं ओसरीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरूण गुंडाळता गुंडाळता बायको म्हणाली,

“याच्यापेक्षा तो बिनखबरीचा स्टे बरा होता. आमचं कोणी ऐकूनच नाही घेतलं, असं लोकाइले तं सांगता आलं असतं.”