पाच भावांचं लोखंड

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, वाळूजच्या कारखान्यात भट्टीवर. तापलेल्या लोखंडाचा नुसता रंग बघून सांगतात, आता काढा. मी विद्यापीठात लोखंडच घेऊन बसलेली, पण चिमूटभर. त्यात टेल्युरियम, सेलेनियम मिसळून वितळवायचं, स्फटिक करायचा. तो पुरेसा गार केला की वीज त्यातून जराही न अडता वाहायला हवी. माझ्या तिन्ही स्फटिकांत अडतच राहिली. चौथा फसला की संशोधन सोडून क्लासवर शिकवायचं, असं मी रडून-भेकून ठरवून टाकलं होतं.

रविवारची दुपार. कूलरचा ओला वाळ्याचा वास, अर्धवट झोप. शेजारी आडवे झालेले अण्णा म्हणाले, "एवढं काय गं त्या लोखंडात?"

मी डोळे मिटूनच सांगत गेले. "अण्णा, एका घरात पाच भाऊ समजा. तसे त्यातले इलेक्ट्रॉन. एकानं पाऊल टाकलं की बाकीच्यांना सरकावं लागतं, एकट्याचं कुणाचंच चालत नाय. त्यात एक भाऊ लई जड. बाकीचे पळतात, हा जागचा हलत नाय."

बोलले आणि जीभ चावली. आमच्याकडंही पाच भाऊच. थोरले अण्णा दहावीनंतर भट्टीवर गेले, चौघं धाकटे त्यांच्या पगारावर शिकून पुण्या-मुंबईला लागले.

"म्हणजे जड भाऊ बिनकामाचा म्हण की," अण्णा हसले. मी मेली कुशीवर वळले. मग त्यांनीच विचारलं, "स्फटिक झाल्यावर परत तापवतीस का? मंद आचेवर, चांगले काही दिवस? लोखंड घाईनं कुणाचं ऐकत नसतंय, पोरी."

हे मी वाचलेलं होतं. पण घाईची मी, दोन तासांत उरकत होते.

चौथा स्फटिक आठवडाभर मंद भट्टीत ठेवला. मग हेलियमच्या गारठ्यात मोजायला घेतला. पडद्यावरची अडथळ्याची रेघ हळूहळू उतरत आली, एकदम घसरली आणि शून्यावर टेकली. मी टेबलावर डोकं ठेवून खूप रडले. मग अण्णांना फोन लावला. पाठीमागं कारखान्याची धडधड.

"अण्णा, जमलं!"

"आन् तो जड भाऊ? हलला का?"

"नाय हलला. पण कितीतरी लोकांना वाटतं, तो जड आहे म्हणूनच बाकीच्यांच्या जोड्या जमतात, अन् जोडीनं चालले की वीज अडत नाय."

मग अण्णा हळूच म्हणाले, "तुझ्या काकांना नको सांगू हे. उगं ओशाळतील."