फोटोतलं यंत्र

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान सायकली दुरुस्त करतात. रीतीप्रमाणे मी त्यांना अहो-जाहो करतो. मनातल्या मनात काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाव त्यांना खटपट्या म्हणतं, तोंडावर म्हणतं, आणि त्याचं त्यांना काहीही वाटत नाही.

माणूस वाईट नाही. व्यसन नाही, कुणाशी भांडण नाही, खोटं बोलणं नाही. खोड एकच. कुठलीही वस्तू आहे तशी राहू द्यायची नाही. पंक्चर काढायला सायकल दिली की पंक्चर निघतं, पण सायकल परत मिळते तेव्हा घंटी उजवीकडून डावीकडे गेलेली असते आणि सीट वर चढलेली असते. विचारलं तर म्हणतात, "तुमचे पाय लांब आहेत, मघाशी बघितलं मी." पोस्टमनच्या सायकलला पिशवी अडकवायला म्हणून त्यांनी एवढा मोठा आकडा जोडून दिला, की तो बिचारा आठवडाभर लोकांच्या कुंपणांना अडकत फिरत होता. मी शिंपी आहे. एकदा मी बाहेर गेलेलो असताना या गृहस्थांनी माझ्या मशीनचं पायडल "जरा हलकं" करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाय ठेवला मात्र, मशीन असं उधळलं की शाळेच्या मास्तरांच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले गेले. मास्तर अजून दुसऱ्या शिंप्याकडे जातात.

माझी बहीण बियाणेवाल्या व्यापाऱ्याच्या गोदामात शेंगा फोडायला जायची. गावातल्या निम्म्या बायका तिथेच जातात. भुईमुगाची शेंग अंगठ्याने दाबून फोडायची, दाणा अख्खा निघाला पाहिजे, त्याच्यावरचं लाल साल खरवडलंसुद्धा जाता कामा नये, कारण फुटका दाणा बियाण्याला चालत नाही. पोत्यावर बसून दिवसभर हेच. कोरडी हवा सुटली की अंगठ्यांना चिरा पडतात आणि त्या मिटत नाहीत. बहीण मीठ चिमटीने घ्यायची नाही, चमच्याने घ्यायची. कपडे धुताना साबण लागला की ओठ दाबून धरायची. माझ्या दुकानात आली तर नव्या कापडाला हात लावायची नाही, रक्ताचा डाग पडेल म्हणून. तिला दागिना नको होता, साडी नको होती. त्या गोदामात पुन्हा जायला लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

मेहुण्यांनी ते बघितलं, आणि बाकी काही म्हणा, त्यांची खोड एकदा तरी योग्य जागी कामाला आली. एक मोडकी सायकल, मधोमध कापलेलं तेलाचं पिंप, त्याच्या तळाशी लोखंडी जाळी, आणि जाळीवर फिरणाऱ्या जुन्या टायरच्या रबरी पट्ट्या. वरून शेंगा ओतायच्या आणि पायडल मारायचं. रबर आणि जाळी यांच्यामध्ये शेंग दाबली जाते, टरफल फुटतं, दाणा खाली पडतो. पहिल्या दिवशी बहिणीने खाली पडलेले दाणे ओंजळीत घेतले आणि किती तरी वेळ नुसती बघत बसली. एकही फुटला नव्हता. मग शेजारणी पोती घेऊन यायला लागल्या. व्यापाऱ्याचंही म्हणणं पडलं, दाणा अख्खा असला म्हणजे झालं, तो अंगठ्याने काढा नाहीतर नाकाने.

पण दिवसभर पायडल मारणं म्हणजे कुठेही न जाता गावोगाव सायकल चालवणंच. शिवाय सगळं उघड्या अंगणात. एक मोटार बसली आणि वर पत्र्याची शेड झाली, की गोदामातल्या सगळ्या बायकांचं काम इथेच होईल, असं बहिणीच्या मनाने घेतलं. आणि नेमकी तेव्हाच सरकारची ती योजना आली. खेड्यातल्या गरीब माणसाने काही नवं शोधून काढलं असेल, तर त्याचा धंदा उभा करायला सरकार मोटार देणार, शेड देणार. आम्हाला वाटलं, ही योजना कुणीतरी आमच्या अंगणात डोकावून लिहिली आहे.

यंत्राचा फोटो काढून अर्जाला जोडला. काही महिन्यांनी तपासणीच्या बाई आल्या, स्कूटरवर, तोंडाला रुमाल बांधून. तरुण होत्या, बोलायला साध्या. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली, हातातला फोटो बघितला, परत यंत्र बघितलं.

"याला पायडल होतं ना?"

होतं. पण मधल्या काळात बहिणीचा गुडघा दुखायला लागला होता, म्हणून मेहुण्यांनी पायडल काढून हाताने फिरवायचा दांडा बसवला होता.

"हे जास्त सोपं आहे, मॅडम," मेहुणे उत्साहाने म्हणाले. "फिरवून बघा तुम्ही."

बाईंनी फिरवून बघितलं. त्यांना आवडलंही. पण नियम असा, की फोटोत जे यंत्र आहे तेच जागेवर दिसलं पाहिजे. नाहीतर लोक एकाचं यंत्र दुसऱ्याच्या अंगणात उभं करून मदत उचलतात म्हणे. उचलत असतीलही. आम्हाला नवा अर्ज करायला सांगून त्या गेल्या.

नवा फोटो, नवा अर्ज. मी मेहुण्यांना बजावलं, "आता बाई येऊन जाईपर्यंत हात लावायचा नाही." त्यांनी मान डोलावली. आणि पुन्हा बाई आल्या तेव्हा आतली जाळी बदललेली! का? तर कुणीतरी बारीक शेंगा आणल्या होत्या आणि त्या न फुटताच खाली पडत होत्या. "मग काय, परत पाठवायचं त्या शेजारणीला?" असं मलाच विचारतात. बाईंनी "किरकोळ बदल" असा शेरा मारून कागद वर पाठवले. वरून उत्तर आलं, यंत्र अद्याप अंतिम स्वरूपात नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंतिम स्वरूप! अहो, योजना कशासाठी आहे? काहीतरी नवं करा म्हणतात, आणि केलं की म्हणतात जुनं कुठे गेलं ते दाखवा. आणि आमचे हे महाशय असे, की त्यांच्या हाती उद्या सूर्य दिला तर संध्याकाळपर्यंत त्याची बाजू बदलतील. एकीकडे कचेरी आणि दुसरीकडे हे, या दोघांच्या मध्ये माझी बहीण शेंगेसारखी भरडून निघत होती.

तिसऱ्या वेळी तिनेच सूत्रं हातात घेतली. फोटो निघाला त्याच दिवशी तिने यंत्रावर जुनी चादर टाकली, वरून दोरी गुंडाळली आणि गाठी मारल्या. "आता कुणी हात लावायचा नाही. चालवायचंसुद्धा नाही. चालवलं की काहीतरी सुचतं यांना." पाने, स्क्रूड्रायव्हर, पक्कड, सगळं माझ्या दुकानात माझ्या ताब्यात. सायकलवाल्याला पाना लागला तर त्याने शिंप्याकडे यायचं, माझ्यासमोर वापरायचा आणि परत द्यायचा. लोक हसत होते. हसू दे.

बाई मात्र येईनात. कधी त्यांना दुसऱ्या कामावर पाठवलेलं असे, कधी कचेरीत साहेब नसत. तेवढ्यात नवी शेंग आली. गोदाम भरलं, कामाचे खरे दिवस सुरू झाले, आणि अंगणात चालतं यंत्र चादरीखाली बांधलेलं ठेवून माझी बहीण सकाळी उठून गोदामात जाऊन बसू लागली. अंगठ्याने शेंगा फोडायला! बाकीच्या बायकाही तिच्यामागून गेल्या. मी म्हटलं, "अगं, सोड ती दोरी."

"थोडं थांब दादा," ती म्हणाली. "एकदा मोटार येऊ दे. मग कुणालाच जायला लागणार नाही."

मेहुण्यांचं वेगळंच झालं. रिकाम्या हाताने ते यंत्राशेजारी बसून राहायचे, दाढी वाढलेली, नजर त्या चादरीवर. आधी हात शिवशिवायचे, पुढे पुढे तेही थांबलं. लोकांच्या सायकली जशा येत तशाच परत जाऊ लागल्या. घंटी उजवीकडे ती उजवीकडेच. पोस्टमनने मला बाजूला घेऊन विचारलं, "तब्येत बरी आहे ना त्यांची?" मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा परत रागच आला.

शेवटी बाई आल्या. दोरीच्या गाठी सुटता सुटेनात, मग कापली. चादर निघाली. बाईंनी फोटो समोर धरला. दांडा तोच, जाळी तीच, पट्ट्या त्याच, कोपऱ्यातला गंजसुद्धा तोच. बाईंनाच हायसं वाटलेलं दिसलं. "जुळतंय," त्या म्हणाल्या. "एकदा चालवून दाखवा, म्हणजे सही करते."

बहिणीने नव्या शेंगांची पाटी ओतली. अंगठ्यांना चिंध्या बांधल्या होत्या, म्हणून दांडा तळहाताने धरून फिरवला. आतून कडाकडा आवाज आला. मी वाकून खाली बघितलं. निम्म्याहून जास्त दाणे फुटलेले. यंत्र बांधून ठेवलं तेव्हा बारीक शेंगांसाठी लावलेलं होतं. नवी शेंग टपोरी होती, तिला रबर आणि जाळी यांच्यामध्ये जागाच पुरत नव्हती.

बाईंना त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. शेंगा फुटत होत्या, यंत्र फिरत होतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

बहीण नवऱ्याकडे बघून म्हणाली, "अहो, दाणे फुटतायत."

"असू दे," मेहुणे म्हणाले. "चाललंय ते ठीक आहे."

मी त्यांना वर्षानुवर्षं ओळखतो. जगातल्या कुठल्याही वस्तूला या माणसाने कधी ठीक आहे म्हटलेलं नाही. बहिणीचा चेहरा एकदम उतरला. फुटके दाणे बघून नव्हता उतरला तेवढा.

तिने इकडेतिकडे बघितलं, दारातली तुटकी रबरी चप्पल उचलली, विळीवर तिचे तुकडे केले आणि रबरी पट्ट्या ज्या एक्सलवर फिरतात त्याच्या एका टोकाखाली एक तुकडा कोंबायला लागली. एक्सल वर उचलला की जागा वाढते, एवढं तिने नवऱ्याचं बघून बघून शिकून घेतलं होतं. पण नट सैल न करता तुकडा जातोय कुठला?

"अगं ए!" मेहुणे ओरडले. "आधी सैल कर! आणि तो नको, टाचेचा घे, जाड! सरक तू. दादा, पाना!"

मी पाना आणला. का आणला ते मला विचारू नका. सही अगदी होत आलेली होती. पण पळत जाऊन आणला खरा.

दोन्ही टोकांखाली टाचेचे तुकडे बसले. बहिणीने परत पाटी ओतली. या वेळी दाणे पडले ते लालबुंद, टपोरे, अख्खे. मेहुण्यांनी एक उचलून उजेडात धरला आणि आमच्याकडे बघून हसले, दाढीतल्या दाढीत.

बाई पेन धरून उभ्याच होत्या. "ताई," त्या हळूच म्हणाल्या, "फोटोत चप्पल नाहीये."

"काढून ठेवतो ना, मॅडम!" मी मध्ये पडलो. "तुम्ही सही करा. तुमची पाठ वळली की परत घालू."

त्या रागावल्या नाहीत. "तसं नाही हो चालत. मोटार दिल्यावर दर वर्षी कुणीतरी बघायला येतं. यंत्र फोटोसारखं दिसलं नाही तर मोटार काढून नेतात. शेडसुद्धा."

बहिणीने विचारलं, "म्हणजे मोटार घेतली की याला हात लावायचा नाही? शेंग बदलली तरी?"

"योजनेची मुदत संपेपर्यंत तरी नाही."

तिने चिंध्या बांधलेल्या अंगठ्यांकडे बघितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. ते यंत्राखाली वाकून दुसऱ्या बाजूचा नट आवळत होते, आम्ही काय बोलतोय इकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"मग राहू दे, मॅडम," ती म्हणाली. "आम्ही हातानेच फिरवू."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. जाताना बहिणीने त्यांच्या रुमालात ओंजळभर दाणे बांधून दिले.

आणि मी सुटलो. इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. मेहुण्यांना बोललो, बहिणीला बोललो, कचेरीला, तिथल्या कधी न बघितलेल्या साहेबाला, त्या चपलेलासुद्धा बोललो. मोटार दारात येऊन परत गेली! पत्रे गेले! आता फिरवत बसा दांडा जन्मभर! मेहुण्यांनी यंत्राखालून डोकं काढून विचारलं, "दादा, हा दांडा जरा लांब केला तर?" तेव्हा तर माझा आवाज आणखीच चढला.

बहिणीने रिकामी पाटी खाली ठेवली. "तुला ओरडायचंच आहे ना दादा, मग गल्लीत जाऊन ओरड. सगळ्या बायकांना सांग, उद्यापासून गोदामात जायचं नाही म्हणावं. पोती घेऊन इकडे या."

मी गेलो. आवाज तापलेलाच होता, शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेला.