वरच्या गावातून अर्ज येत नाहीत

चोंग-तालची माणसं उपाशी मरतील, पण दात कोरत मरतील, असं खाली झानी-झेरमध्ये म्हणतात. दोन्ही गावं एकाच नदीवर आहेत, वारा एकच, थंडीही एकच. वरच्या चोंग-तालमध्ये सगळे एकाच आजोबाची नातवंडं-पतवंडं. खालचं झानी-झेर दलदल काढून वसवलेलं. तिथं कोण कुठून आलं याचा पत्ता नाही आणि कोणी कोणाचा चुलतभाऊ नाही. ज्या गरीब घरात लहान मुलं आहेत त्याला सरकार दर महिन्याला काही पैसे देतं. त्यासाठी घरात मिळकत नाही असं दोन शेजाऱ्यांनी लिहून द्यावं लागतं. खालच्या गावात ही सही कुंपणावरून, गप्पा मारता मारता होते. वरच्या गावातून आजवर एकही अर्ज आला नव्हता.

पहिला अर्ज करायला निघाली ती उल्कान.

ती पलीकडच्या खोऱ्यातून चोंग-तालमध्ये लग्न होऊन आलेली. हाताला जलद, बोलायला कमी. नवरा एसेनगुल बांधकामावर रशियात गेला. पहिल्या वर्षी पैसे आले, दुसऱ्या वर्षी नुसते फोन, मग फोनही थांबले. गावातलाच एकजण तिकडून परतला तेव्हा सांगत होता, एसेनगुल बाजारात दिसला, शेजारी एक गोरी बाई होती आणि बाई बाबागाडी ढकलत होती. हे उल्कानसमोर कोणी बोललं नाही. पण ती पाणी भरायला गेली की बायका एकदम हवामानाबद्दल बोलू लागत, त्यावरून तिला कळलं.

गाय विकली गेली. मग नवऱ्याचं खोगीर गेलं. घरात झायना आणि चोलपोन या दोन मुली, आणि धाकटा बाकाय, तीन वर्षांचा. तिघंही आईला आपा म्हणत, तिकडे मोठ्या बायकांनाही म्हणतात तसं. त्या हिवाळ्यात चहात दूध नव्हतं आणि रोटी मोजून मिळायची. बाकाय आपला तुकडा संपवून आईच्या हाताकडे बघत बसायचा. मागायचा नाही. त्याचं ते न मागणं तिला सोसवेना.

सरकारी मदतीचं काम बघणारी बुरुल दुधाच्या टँकरमध्ये बसून वर आली. ही जाडजूड, धापा टाकणारी बाई तीन गावं एकटीच सांभाळायची आणि सगळे तिला एजे, म्हणजे ताई म्हणायचे.

"तुमच्या गावात गरीब जन्मालाच येत नाहीत की काय गं?" बूट झटकत ती म्हणाली. "जिल्ह्याच्या साहेबांच्या भिंतीवर नकाशा आहे. जिथं मदत घेणारी घरं जास्त, तिथं गडद रंग. झानी-झेर कसं, वांग्यासारखं काळंनिळं. आणि तुमचं चोंग-ताल पांढरंफेक. साहेब मला विचारतो, वरचे लोक श्रीमंत झाले का? मी म्हटलं, हो, गर्वानं."

उल्कान हसली नाही. तिनं बिनदुधाचा चहा पुढे केला. बुरुलनं कपात बघितलं आणि तिचा आवाज खाली आला.

"जवळचा नातलग कोण? सांग, लिहायचंय."

"थोरले दीर."

"नाव?"

नवऱ्याच्या थोरल्या भावाचं नाव सून कधी तोंडातून काढत नाही. उल्काननंही कधी काढलं नव्हतं.

"अगं कागदाला नाव लागतं. कागदाला कसली लाज?"

"तुम्हीच लिहा ना एजे. तुम्हाला ठाऊक आहे."

"साडिर," बुरुल लिहिता लिहिता पुटपुटली. "बरं. आता नवरा काही पाठवत नाही असं दोन शेजाऱ्यांनी सांगायचं. एवढं झालं की काम झालं."

एवढंच काय ते व्हायचं होतं.

उल्कान आधी भिंतीपलीकडच्या तुर्सुनकानकडे गेली. म्हातारी एकटी, जिभेची तिखट, पण मनानं वाईट नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि लोकर विंचरायची थांबली.

"पोरी, मी काय लिहून देऊ? एसेनगुलनं बायकापोरं टाकली असं? त्याला मी न्हाऊ घातलंय. आणि त्याची पोरं उपाशी आहेत, आम्ही शेजारी बसून बघतोय, हेही माझ्याच तोंडून?"

"खरंच आहे ना ते, आपा?"

"खरं आहे म्हणून तर बोलता येत नाही." म्हातारी उठली, डब्यातलं पीठ तिच्या ओच्यात ओतलं. "हे घे. संपलं की ये. अंगठा मागू नकोस."

दुसऱ्या घरातून बटाटे मिळाले. तिसऱ्या घरातल्या माणसानं दारातच सांगितलं, "वहिनी, थोरल्यांना विचारलंत का?" संध्याकाळच्या आत थोरल्यांना कोणीतरी विचारलंच.

साडिर दुष्ट नव्हता. हे सांगायलाच हवं, कारण झानी-झेरमध्ये ही गोष्ट सांगताना त्याला लांडगा करतात. तो कळपाचा चांगला राखणदार होता, दारू पीत नव्हता. त्याच्या दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. मुलगा होता, तो नदीच्या बर्फात गेला. त्यानंतर त्याची बायको कानिशाय कोणाचंही लहान मूल दिसलं की त्याच्या टोपीची नाडी बांधून द्यायची, सुटलेली नसली तरी.

दोन दिवसांनी कानिशाय आली. मागे एक मेंढा दोरीला.

"उल्कान, काय ऐकतोय आम्ही? आपलं माणूस सरकारच्या दारात?" तिनं उल्कानला जवळ घेतलं. "थोरले रात्रभर झोपले नाहीत. म्हणाले, चूक आमची आहे. उद्या घरचे सगळे तुझ्याकडे जमतील. मेंढा हा घे, पीठही येतंय मागून. तू फक्त शिजव."

उल्कानच्या डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी त्या घरात मांस शिजणार होतं. आपण यांच्याबद्दल काय काय मनात आणलं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात कढई चढली. बाकाय वाफेपासून हलेना. मुली गोवऱ्या आणत होत्या. चोलपोन मध्येच थांबून नुसती वास घेत उभी राहायची. कानिशाय बाह्या सरसावून मदतीला होती.

"ही नळी तोडू नको हं," ती म्हणाली. "घोट्यासकट अख्खी राहू दे. वर ठेव ताटात."

"कोणासाठी?"

"मानाची आहे. राहू दे."

उल्कानला विचारायला हवं होतं, कोणाच्या मानाची. ती काही काल जन्मलेली नव्हती; घोट्यासकट नळी कधी देतात हे खोऱ्यातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. पण भुकेल्या घरात मांस शिजत असताना माणूस हाडांचा विचार करत नाही. तिनं नळी नीट शिजवली, मांस सुटू दिलं नाही, आणि स्वतःच्या हातानं ती ताटाच्या वर, मधोमध ठेवली.

आत पुरुष बसले होते. म्हाताऱ्यांनी दुवा मागितली. सुना दाराशी उभ्या. सगळे पोटभर जेवले. चोलपोननं इतकं खाल्लं की तिला बाहेर जाऊन ओकावं लागलं. मग साडिरनं हात पुसले.

"माझ्या भावानं आमच्या तोंडाला काळं फासलंय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर फाटला. "ते काळं आम्ही कागदावर लिहून जिल्ह्याला पाठवणार नाही. त्याचं हाड आमचं हाड आहे. बाकाय, ये रे इकडे."

बाकाय गेला. साडिरनं ती नळी उचलली आणि पोराच्या दोन्ही हातांत दिली.

"धर घट्ट. आजपासून तू माझा. सगळ्यांनी बघितलं?"

"बघितलं," म्हातारे म्हणाले. "खुदा आयुष्य देवो."

मूल दत्तक घेताना घोट्यासकट नळी त्याच्या हातात देतात. तेवढंच लागतं, सही लागत नाही. बाकायला काय, त्यानं लगेच हाडाला दात लावले.

"आणि मुली?" कोणीतरी विचारलं.

"मुली आईकडे राहतील. मुलगी म्हणजे पाहुणी, आज ना उद्या जायचीच. पीठ आम्ही देऊ. एक तोंड कमी झालं, तिलाही सोपं होईल."

कानिशाय दाराशी उल्कानच्या शेजारीच उभी होती. तिनं तिचा हात धरला. हात गरम होता. कानिशायला खरंच वाटत होतं की आपण उपकार करतोय. कदाचित म्हणूनच उल्कानला तो हात झटकता आला नाही, पटकन तरी नाही.

मग ती उंबरा ओलांडून आत गेली. पुरुषांच्या पंगतीत.

"साडिर," ती म्हणाली. "पोराला खाली ठेव."

कोणाच्या तरी हातातला कप बशीवर वाजला.

"काय म्हणालीस?" एक म्हातारा.

"साडिर, माझं पोर मला दे. मी कागद फाडते. अर्ज करत नाही. पीठही नको."

साडिरचं तोंड पांढरं पडलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. "सूनबाई, तुम्हाला बरं नाही," एवढंच म्हणाला, आणि बाकायला उचलून उभा राहिला. बाकायनं एकदा मागं वळून बघितलं. "आपा, हे बघ!" म्हणून त्यानं आईला हाड दाखवलं.

चोंग-तालमध्ये त्या दिवसाबद्दल अजून बोलतात. पोर कसं नेलं, हे कोणी सांगत नाही. त्यात सांगण्यासारखं त्यांना काही वाटत नाही. केलिननं, घरच्या सुनेनं, दिराचं नाव घेतलं, भर पंगतीत, तेही दोनदा, असं सांगतात.

पीठ महिनाभर आलं. मग उशिरा येऊ लागलं, मग कोणीतरी आणायचं विसरलं. नाव घेतल्यानंतर तिच्या घरी कोणी फारसं फिरकतही नव्हतं. बाकायला भेटायला ती गेली की कानिशाय त्याला आत झोपवायची. "आत्ताच डोळा लागलाय गं. रडतो मग दिवसभर. थोडं विसरू दे."

बुरुल पुन्हा आली तेव्हा उल्कान म्हणाली, "एजे, मला खाली न्या."

"कोर्टात जाऊ या का आधी? पोर तुझं आहे, कायदा..."

"साक्षीला कोण येणार?"

बुरुल उठून बूट घालू लागली.

झानी-झेरमध्ये जुन्या लोकरीच्या गोदामामागं एक खोली मिळाली. शेजारी रोशान नावाचा उइगूर रोटीवाला आणि त्याच्या पलीकडे एक बाई, तिचा नवराही रशियात. बुरुलनं कागद पुढे करताच रोशाननं पिठाचे हात झटकले.

"कुठं करायची? नको, दाखवू नका, पाठ आहे मला. या गल्लीत माझी सही नाही असा कागद नाही."

"बाईची परिस्थिती तरी वाच की मेल्या!" पलीकडची बाई ओरडली.

"वाचायचं काय त्यात? माझ्या दुकानासमोर यांची पोरगी उभी असते, रोटीकडे बघत नाही, भिंतीकडे बघते. तेवढं पुरे."

ओळखही नसलेल्या दोन माणसांनी अर्ध्या चहात जे केलं, ते वर रक्ताच्या माणसांना जन्मभरात जमलं नव्हतं. पैसे सुरू झाले. दोन मुलांचे. तिसऱ्याचं नाव बुरुलनं लिहिलं होतं, पण मूल घरात राहत नाही म्हणून ते खोडावं लागलं. तिनं स्वतःच खोडलं, उल्कानकडे न बघता.

जिल्ह्याच्या साहेबानं त्या वर्षीचा नकाशा लावला. झानी-झेर आणखी गडद, चोंग-ताल पूर्वीइतकंच पांढरं.

"बघितलंस बुरुल?" तो म्हणाला. "वरच्या लोकांत अजून माणुसकी आहे. एकमेकांना सांभाळतात."

"हो," बुरुल म्हणाली. "सांभाळतात." तिला निवृत्तीला थोडंच राहिलं होतं.

शरदात डोंगरावरच्या कुरणातून कळप उतरतात तेव्हा ते झानी-झेरच्या रस्त्यानंच जातात. उल्कान रस्त्याकडेला कुर्त विकायला बसायची, सुकवलेल्या दह्याच्या त्या खारट गोळ्या. दुसऱ्या वर्षी तिला साडिरचा घोडा लांबूनच ओळखू आला. पुढ्यात बाकाय बसला होता. पायात नवे बूट, गाल भरलेले, उन्हानं तांबडे. मागून गाडीत कानिशाय.

घोडा थांबला. साडिरनं मान दुसरीकडे वळवली. बाकाय वाकून बघू लागला.

"आपा!" तो ओरडला, आणि उल्कान उठून उभी राहिली. पण तो मागे गाडीकडे बघत होता. "आपा, इथं काकू बसलीय! ती घरी यायची ती. तिच्याकडे कुर्त आहे!"

"घे एक," कानिशाय म्हणाली. तिनंही खाली बघितलं.

उल्काननं सगळ्यात मोठा गोळा निवडून वर धरला. बाकायनं तो घेतला, चाटला, आणि तोंड वाकडं करून परत तिच्या हातात ठेवला.

"आमचं याच्यापेक्षा छान असतं, काकू," तो म्हणाला. वाईट वाटू नये म्हणून सांगावं, तसं.

कळप जाईपर्यंत बराच वेळ धूळ राहिली. झायना गोदामाकडून धावत आली, पण तोवर उशीर झाला होता.

"बाकाय होता ना? काय म्हणाला गं?"

उल्काननं तो ओला गोळा बाकीच्यांत न टाकता डोक्याच्या रुमालाच्या टोकाला बांधला.

"भूक नाही म्हणाला," ती म्हणाली, आणि कापड झटकून पुन्हा खाली बसली.