दुपट्ट्याखालचा भाव

“मले भिकारी समजला काय बे तू?” आंजी गावचा म्हातारा माझ्या खिडकीशी असा ओरडला, की दवाखान्याच्या कौलांवरची कबुतरं उडाली ती थेट नागपूरला जाऊन बसली. मी केलं काय होतं? त्याच्या बायकोच्या पोटाच्या ऑपरेशनचे सगळे पैसे माफ केले आणि तसं पुकारलं. माझ्या आवाजाला वर्धा स्टेशनात मालगाड्या थांबत. रांगेतल्या त्याच्या गाववाल्यांना ऐकू जाणारच. म्हातारा बायकोला म्हणाला, “चाल वं. मरू तं आपल्या घरी मरू.”

ही सन पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. माफीबाबू त्या दिवशी सुटीवर, म्हणून त्याची खुर्ची माझ्याकडे. गरिबाला फी किती सोडायची, हे ठरवणारा हा माणूस. बुटका, अक्षर कोंबडीचं, माझं मोत्यांसारखं. तरी संक्रांतीला तिळगूळ त्याला पोतंभर, मला चिमूटभर. माझी बायकोसुद्धा पोह्यांतले शेंगदाणे वेचून त्याच्याच बशीत घाली. केसपेपर लिहून बोटं मी झिजवायची आणि दुवा ह्याने खायच्या.

आणि करायचा काय? बाप बैलबाजारातला दलाल. तीच विद्या ह्याने दवाखान्यात आणली. पेशंटच्या माणसाजवळ बसायचा, दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव करायचा. तोंडाने नुसतं भांडण. “बुडवता बाप्पा मले,” म्हणत हरायचा, आणि समोरचा बाजार जिंकल्यासारखा उठायचा. ठरलेली रक्कम बंद पेटीत पडे. पेटी मोठे डॉक्टर उघडत. मी शेजारी बसून मान मोडेस्तोवर डोकावलो, पण कोणाला किती सुटलं ते मलाही कधी दिसलं नाही.

तर म्हाताऱ्याने बायकोला बैलबंडीत घातलं, बैल जुंपले. ती पोट आवळून पडलेली. आज कापलं नाही तर बाई जाईल, असं डॉक्टर सांगून थकले. कोणीतरी माफीबाबूला घरून ओढत आणलं. एका गालावर साबण तसाच. तो बंडीत चढून बसला.

“हात आणा बाबाजी. फुकट कोणालेच नाई.”

“तो तं माफ म्हणे.”

“त्याले काय समजते?”

हे माझ्यादेखत. मग दुपट्टा पडला. म्हाताऱ्याने मान हलवली. “एवढे नाई जमत.”

“मंग हाका बैल.”

“थांब नं बाबू.”

दुपट्टा बराच वेळ हलत राहिला. शेवटी म्हातारा मिशीत हसला आणि खाली उतरून बैल सोडू लागला.

बाई वाचली. पुढे माफीबाबूची अकोल्याला बदली झाली, तेव्हा स्टेशनात अर्धा जिल्हा लोटला. हारांतून त्याचं नुसतं नाक दिसत होतं. आंजीची म्हातारी आपल्या पायांनी चालत आली होती आणि इतकी रडली, की माझ्या मरणाला कोणी त्याच्या पावपट रडलं तरी मी खूश.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी म्हाताऱ्याला बाजूला घेतलं. “बाबाजी, आता तर तो गेला. त्या दिवशी किती ठरलं होतं?”

म्हातारा म्हणाला, “तुमाले काऊन सांगू?”